डिम्फनाचा बंब

चर्चमधली मिस्सा अकराची होती आणि सव्वानऊलाच गाडी फाटकाबाहेर पडली, म्हणून डिम्फना खुशीत होती. धाकट्या नातीचं, क्लीओनाचं, आज पहिलं कम्युनियन, वेदीपुढे पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा दिवस. पन्नास मिनिटांचा रस्ता, वर मे महिन्याचं धुतलेलं आभाळ, दोन्ही कडांना पांढऱ्या फुलांनी लवलेली काटेरी कुंपणं. तिच्या नवऱ्यानं, मॅलकीनं, स्वतःच्या लग्नातला टाय बांधला होता. वीस मिनिटं मजेत गेली आणि पुलाजवळ डिम्फनाचा चेहरा एकदम उतरला.

"मॅलकी, बंब बंद केला होता का रे?"

आमच्या लीट्रिम परगण्यात माणूस घराचं दार सताड उघडं टाकून जाईल, पण पाणी तापवायचा विजेचा बंब चालू ठेवून, बिल वाढवून जाणार नाही. डिम्फनाच्या आईनं तर शेवटच्या प्रार्थनेसाठी आलेल्या फादरनाही आधी वर जाऊन बटण बघून यायला लावलं होतं. त्या बटणाला दोन बाजू असतात, एक बेसिनपुरत्या पाण्याची, दुसरी टबभर पाण्याची. टबभर पाणी नाताळला, नाहीतर अमेरिकेहून कुणी आलं तर.

 बंब बंद होता, कायमचाच बंद होता, आणि हे डिम्फनाला ठाऊक नव्हतं. मागच्या आठवड्यात ती बहिणीकडे गेली असताना तो तांब्याचा जुना बंब तळातून पाझरायला लागला. फिंटन प्लंबर आला, गुडघ्यावर बसला, हात लावून म्हणाला, "काका, याला आता फादरच बोलवा." नवा हीटर मागच्या खोपीत बसला, भिंतीवरच्या छोट्या पेटीएवढा. पण डिम्फनानं मागेच बजावून ठेवलं होतं, की हा बंब माझ्यासोबत या घरात आला आणि माझ्यासोबतच जाईल. म्हणून मॅलकीनं तो रिकामा बंब, ऊब टिकवणाऱ्या लाल गोधडीसकट, वरच्या मजल्यावरच्या त्याच्या कपाटात तसाच उभा ठेवला. बटणाचा लाल दिवाही फिंटननं लागता ठेवला. परवा डिम्फना परतली, नळाला कढत पाणी आलं, तेव्हा बंब दुरुस्त झाला असं समजून तिनं फिंटनच्या हाताला गुण आहे म्हणून त्याच्यासाठी केक भाजला.

"बंद आहे," मॅलकी म्हणाला. "मी बघितलाय."

"शपथ घे."

 दोनेक तासांत मॅलकीलाही वेदीपुढे जाऊन प्रसाद घ्यायचा होता, आणि त्या जिभेवर खोटी शपथ नको होती. खरं सांगायची तर हिंमतच नव्हती. त्यानं पुलापलीकडे गाडी वळवली.

घरी पोचल्यावर डिम्फना टोपी सावरत जिना चढली. वरून बटणाचा टक् आवाज आला. मॅलकीनं सुटकेचा निःश्वास टाकला. पण ती खाली येईना. आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांवर क्लीओनाचं डोक्यावरचं जाळीदार वस्त्र होतं. पहिल्या कम्युनियनला हेच डिम्फनाच्या आईनं ल्यायलं, तिनं ल्यायलं, लेकीनं, क्लीओनाच्या आईनं, ऑर्लानं ल्यायलं. काल संध्याकाळी हातानं धुऊन तिनं ते नेहमीसारखं बंबाच्या कपाटात वाळत ठेवून बटण लावलं होतं, आणि निघायच्या धांदलीत तिथंच विसरली होती. ते अजून ओलंच होतं.

"कपाट गार आहे, मॅलकी," ती म्हणाली. "दिवा लाल होता, आणि कपाट गार आहे."

मॅलकीनं तिथंच, पायपुसण्यावर उभ्याउभ्या सगळं कबूल केलं.

"म्हणजे परवापासून मी कशाचं बटण बंद करतेय?"

"कशाचंच नाही."

ती वस्त्र घेऊन तशीच गाडीत जाऊन बसली.

मग गाडीतला हीटर पुरा सोडला आणि ते वस्त्र काचेखालच्या झरोक्यांवर पसरलं. पाचव्या मिनिटाला काच अशी धुरकटली की मॅलकीला रस्ता दिसेना. खिडक्या उघडल्या तर वस्त्र उडालं. डिम्फनानं ते दोन हातांत धरून खिडकीबाहेर निशाणासारखं फडकत ठेवलं. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं कुणाची तरी वरात समजून टोपी काढली. डिम्फनानं त्याला मान लववली, तीही नव्या नवरीसारखी. मग वाऱ्यालाच सांगावं तशी ती बोलू लागली.

त्या कपाटात पीठ फुगलं, पोरींचे मोजे वाळले. आईवेगळं कोकरू बंबाला पाठ लावून तीन रात्री निजलं आणि चौथ्या दिवशी उभं राहिलं. ऑर्ला परीक्षेत नापास झाली तेव्हा त्या कपाटात शिरून रडली, आणि बाहेर आली ती गरम टॉवेलांच्या वासाची होऊन.

"मला नुसतं विचारायचं होतंस," ती म्हणाली.

"नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. मग रडले असते. मग हो म्हणाले असते."

मॅलकीनं एक हात चाकावरून काढून तिच्या गुडघ्यावर ठेवला. तिनं तो उचलून पुन्हा चाकावर ठेवला, पण हळूच. मग वाळलेलं वस्त्र आत घेऊन झरोक्यांच्या गरम वाऱ्यावर अंथरलं.

अकराला तीन मिनिटं असताना ते चर्चच्या पायऱ्यांवर पोचले. ऑर्ला रडकुंडीला आली होती. डिम्फनानं नातीच्या डोक्यावर वस्त्र घातलं, पिना टोचल्या.

"आजी," क्लीओना कुजबुजली, "हे ऊन ऊन आहे."

"ते असंच असतं," डिम्फना म्हणाली. "तुझ्या आईच्या वेळीही असंच होतं."

संध्याकाळी परत निघाले तेव्हा ऊन अजून कुंपणांवर रेंगाळत होतं. क्लीओनाचा केक संपला होता, टाय सैल झाला होता, आणि डिम्फना गुणगुणू लागली होती, म्हणजे माफी झाली होती. पूल आला. मॅलकीचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"डिम्फी," तो म्हणाला, "सकाळी बटण नक्की बंद केलं होतंस ना?"

डिम्फनानं त्याच्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आता नाही बाई आठवत."

बंब रिकामा होता, तरी मॅलकीनं गाडीचा वेग वाढवला.