रेवणअण्णा आणि लाटांचा डबा

आमच्या रेवणअण्णांचा डावा हात हुलसुरात फार कमी लोकांनी बघितलाय. तो कायम पँटच्या खिशात असतो. नमस्कार एका हातानं, प्रसाद एका हातानं, आणि खताच्या पोत्याला सुतळी बांधायची वेळ आली की सुतळीचं दुसरं टोक गिऱ्हाइकाच्या हातात. नव्या माणसाला वाटतं, हात अधू असेल. जुन्याला वाटतं, माणूस माजलाय. खरं कारण मला माहीत आहे, कारण त्यांच्या पँटी मीच शिवतो. डावा खिसा कोपरापर्यंत खोल, आणि आतून सायकलच्या ट्यूबचं अस्तर. रबरी खिशाची पँट शिवणारा सगळ्या बिदर जिल्ह्यात मी एकटाच शिंपी असेन.

"गुंडप्पा, करंट एका हातानं शिरतो आन् दुसऱ्या हातानं भाईर पडतो," पहिल्यांदा माप देताना त्यांनी मला समजावलं. "मधी वाटंत काय लागतं? काळीज. म्हणून एक हात खिशात. भ्यायचं, पण समजून भ्यायचं."

"पण अण्णा, तुमचं तर बी-बियाणाचं दुकान. भेंडीच्या बियात करंट कुठनं आला?"

"घरी ये, दावतो," ते म्हणाले. मी गेलो, आणि तिथनं माझ्या जिवाला घोर लागला.

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगतो. शिलाई मशीनला मोटर बसवा म्हणून बायको कवापासून मागं लागलीय, मी अजून पायानंच चालवायलोय. घरात मिक्सर फिरला की मी परसात जातो. असल्या माणसाला देवानं शेजार द्यावा तर रेवणअण्णांचा, तोही भिंतीला भिंत लागून. आणि त्या भिंतीपलीकडं अण्णांनी काय मांडून ठेवलंय, तर जुने, काचेच्या व्हॉल्व्हचे गिटारचे ॲम्प्लिफायर.

व्हॉल्व्हचा रेडिओ तुमच्यातल्या जुन्या लोकांनी बघितला असेल. बटण दाबलं की लगेच बोलत न्हाई, आधी आतल्या काचा लाल होतात, मग आवाज येतो. हे त्याच कुळातले, पण अंगानं दांडगे. गिटारची वायर ह्यात घालायची आणि आवाज पेटीतनं ऐकायचा. आत काही डब्या असतात, त्या सगळं बंद केल्यावरही करंट धरून बसतात. "बटण बंद, वायर काढलेली, तरी बी हात लावलास तर मेलास," हे अण्णा इतक्या कौतुकानं सांगतात की ऐकणाऱ्यानं जणू शाबास म्हणावं. मी शाबास म्हणलं न्हाई. मी दाराची कडी कुठं आहे ते बघून ठेवलं.

शिवाय हे डबे अमेरिकेचे. त्यांना आपल्यापेक्षा निम्मा करंट लागतो, म्हणून मध्ये एक उतरवणारा ट्रान्सफॉर्मर ठेवावा लागतो. एकदा अण्णांचा भालकीचा मेव्हणा आला होता. त्याला वाटलं, वायर सैल पडलीय, म्हणून त्यानं एक डबा थेट भिंतीत घातला. डबा धूर सोडून गेला. मेव्हणा तेव्हापासून आला तरी अंगणातूनच ख्यालीखुशाली विचारतो.

एवढी जिवावरची हौस कशापायी, तर पोरापायी. संगमेश हा अण्णांचा एकुलता एक. आमच्या ह्या कोरड्या मुलखातला पोरगा, तो जाऊन मालाच्या जहाजावर नोकरीला लागला. महिनोन्‌महिने पाण्यात. किनारा जवळ आला तर फोन, न्हाई तर न्हाई. भागीरथीअक्कांनी, म्हणजे अण्णांच्या मंडळींनी, तेव्हापासून समुद्राचा धसका घेतला. टीव्हीवर वादळाचं नाव निघालं की अक्का पदर तोंडाला लावायच्या, आणि अण्णा टीव्ही बंद करून त्यांच्या जवळ जाऊन बसायचे. हे आम्ही सगळ्या गल्लीनं बघितलेलं.

अण्णा तरुणपणी हैदराबादला शिकायला होते. तिथं होस्टेलात एका जोडीदारानं त्यांना गिटार शिकवली आणि सर्फ म्युझिकचं वेड लावलं. अमेरिकेत म्हणे समुद्राकाठची पोरं फळीवर उभी राहून लाटेवरनं घसरतात, त्यांचं हे संगीत. त्यात शब्द बहुधा नसतात. तारेवर हात थरथरवत अशी भरभर गिटार वाजवायची की ऐकणाऱ्याला धाप लागावी, आणि आवाज ओला पाहिजे. "कोरडा आवाज म्हणजे सर्फ न्हाई, ती खाजवाखाजवी," असं अण्णांचं मत. तो ओलेपणा येतो डब्यातल्या स्प्रिंगच्या टाकीतनं. लांबट पत्र्याच्या तबकात स्प्रिंगा ताणलेल्या असतात, आवाज त्यांच्यातनं फिरून येतो आणि येताना भिजून येतो. मी हे स्वतःच्या कानानं ऐकलंय, खोटं सांगत न्हाई.

"सगळ्यांचा समुद्र बुडवायला बसलेला असतो," अण्णा मला म्हणाले. "ह्या गाण्यातला समुद्र पोरान्ला खेळवतो. हिच्या कानात ह्योच समुद्र भरला तर हिचं भ्या जाईल का न्हाई?"

म्हणून ते डबा निवडायला लागले. लोक आवाज बघून निवडतात, अण्णा अक्कांचं तोंड बघून निवडायचे. अक्कांना समोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं, बाजूला मला. "तू बी भित्रा हायस, तुझं बी मत पायजे," असं म्हणून मला शिवण टाकून उठवायचे. मग रबरी चपला घालून, डबा तापवून, डावा हात खिशातनं काढायचा तो फक्त गिटारीच्या मानेवर ठेवायला. वाजवता वाजवता नजर अक्कांवर. अक्कांनी खुर्चीचा हात धरला की थांबायचे आणि स्प्रिंगचं बटण जरा मागं घ्यायचे.

"किती भ्या वाटलं?"

"मघापेक्षा कमी," अक्का म्हणायच्या.

"गुंडप्पा, तुला?"

"मला मघापेक्षा जास्ती."

माझं मत ते विचारायचे, धरायचे न्हाईत. हैदराबादच्या भंगारवाल्याकडनं डबे येत गेले, परत जात गेले. एकात उंदराचं घरटं निघालं. एक नुसता गुणगुणायचा. शेवटी ह्या दसऱ्याच्या तोंडावर दोन उरले, थोरला आणि धाकटा. दसरा झाला की भंगारवाल्याची गाडी येणार आणि एक परत नेणार होती.

धाकटा दिसायला गरीब. पण आवाज वाढवला की फाटायचा. बाकीच्या गाण्याला म्हणे तसंच लागतं, सर्फला चालत न्हाई. "पाणी गढूळ करतो ह्यो," अण्णा नाक मुरडायचे. थोरला दोघांनी उचलायचा, पंधरा इंची स्पीकर, जाडजूड व्हॉल्व्ह, आणि कितीही वाढवा, आवाज स्वच्छ. त्यावर अण्णा वाजवायला लागले की वय विसरायचे. पण थोरल्याला जरा धक्का लागला तर आतल्या स्प्रिंगा आपटून असा कडकडाट व्हायचा की वीज पडली म्हणून मी दोनदा कानावर हात ठेवून खाली बसलोय. अक्काही थोरला वाजला की खुर्ची घट्ट धरायच्या. अण्णांचं मन थोरल्यावर, अक्कांना भ्या थोरल्याचंच. अण्णा त्या दिवसांत नीट जेवत नव्हते.

आणि त्यात संगमेशचा फोन बंद झाला. त्याचं जहाज ज्या समुद्रातनं जायलं होतं, तिथं जहाजं पेटवायलेत अशा बातम्या यायल्या होत्या. पुढं फोन आला, पोरगा सुखरूप होता, हे आत्ताच सांगून टाकतो. तुमचा जीव उगं टांगणीला कामून ठेवायचा? आमचा मात्र होता. गल्लीत कुणाचाही फोन वाजला की अण्णा दुकानातनं अर्धे बाहेर यायचे, आणि संगमेशचा न्हाई म्हणल्यावर दुकानाचा बोर्ड वाचत उभे राहायचे, जणू त्यासाठीच आले होते.

अशात आयुधपूजा आली. आमच्याकडं त्या दिवशी प्रत्येकजण आपापल्या हत्याराला पुजतो. माझी कात्री आणि मशीन, दुकानदाराचा तराजू, शेतकऱ्याचा ट्रॅक्टर. हळदकुंकू, झेंडूचा हार, लिंबू, नारळ. ट्रॅक्टर चालू करून पुजतात, म्हणून अण्णांनी थोरला चालू करून ठेवला. दरवर्षी डब्यांना हार तेच घालायचे, काठीनं, लांबनं. अक्कांना जवळ येऊ द्यायचे न्हाईत. त्या दिवशी ते गिटार आणायला आत गेले, आणि अक्का ताट घेऊन आल्या. मी उंबऱ्यात उभा होतो, माझ्या कात्रीचा प्रसाद द्यायला आलेला.

डब्याची मागची बाजू उघडी. आत व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे लाल. अक्का त्याच्याकडं बघत राहिल्या. आमच्या बायका तापलेल्या देवाला शांत करतात, नारळाचं पाणी घालतात, हे तुम्हाला माहीत असेल. अक्कांच्या मनात पोरगं होतं, जळणारी जहाजं होती, आणि समोर लालभडक झालेला हा डबा.

"शांत हो रे बाबा," त्या म्हणाल्या, आणि फोडलेल्या नारळाची वाटी त्यांनी डब्यावर धरली.

मला ओरडायचं होतं. एवढ्यात अण्णा दारात आले, त्यांनी बघितलं, गिटार हातातनं पडली, आणि त्यांनी दोन्ही हातांनी अक्कांना कमरेला धरून मागं ओढलं. पाणी तोवर पडलं होतं. तापलेली काच टप्पकन फुटली, आत निळा जाळ झाला, अक्कांच्या हातातलं ताट डब्यावर आदळलं आणि स्प्रिंगांचा कडकडाट झाला. मग सगळं घर अंधारलं, फ्यूज गेला. मी तेव्हा कुठं होतो विचाराल तर रस्त्यावर. उंबरा कवा ओलांडला, मला आजही आठवत न्हाई.

लाजेकाजेनं परत आत आलो. अक्कांना काही झालं नव्हतं, साडी भिजली होती तेवढी. अण्णा मात्र भिंतीला टेकून खाली बसले होते. अंग थडथड उडत होतं. पँटला ट्यूबचा खिसा असलेला हा माणूस, त्याला मी कधी असा बघितला नव्हता.

"पोरगं पाण्यात," ते म्हणाले. "तू करंटात. मी काय दुकानात बिया मोजत बसू का ग?" आणि ते रडायला लागले. मलाही रडू आलं, पण माझं कुणी बघितलं न्हाई.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले. "एक व्हॉल्व्हच फुटलाय, शिल्लकचा हाय माझ्याकडं. बदलला की थोरला चालू व्हईल. पण चालू करून द्यायचा आन् परत धाडायचा. धाकटा ठेवू. तिला भ्या वाटतंय म्हणल्यावर थोरला ठेवणं बरोबर न्हाई." एवढं बोलून त्यांनी वायर काढली आणि डबा थंड व्हायची वाट बघत बसले.

अक्का चहा करायला गेल्या होत्या. त्यांना आधार द्यावा म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. मला वाटलं, थरथरत असतील. बघतो तर मेणबत्तीच्या उजेडात आलं ठेचायल्या होत्या, हात एकदम निवांत.

"अक्का, लई भ्यालात का?"

"कशाला?"

"करंटला. समुद्राला. सगळ्यालाच."

अक्कांनी एकदा बाहेरच्या खोलीकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "गुंडप्पा, मी करजगीची. भीमेच्या पुरात पोहून वाढलेली बाई मी. मला पाण्याचं काय भ्या? काळजी वाटती पोराची, कुणाला वाटणार न्हाई. पण भ्या म्हणशील तर ते ह्यान्ला वाटतं. संगू जहाजावर गेल्यावर ताटावरनं उठून जायचे. इचारलं तर बोलायचे न्हाईत. गप गप राहून पार वाळून गेले. एक दिवस मीच म्हणलं, मला समुद्राचं लई भ्या वाटायलंय. त्या दिवशी मला समजावता समजावता पोटभर जेवले बघ."

मी चहाच्या पातेल्याकडं बघायलो.

"मग थोरला वाजला की तुम्ही खुर्ची धरत होता ते?"

"जरा जास्तीच धरली वाटतं," अक्का म्हणाल्या. "त्यान्ला त्योच आवडतो, आन् माझ्यापायी परत द्यायलेत. तू सांग जा, थोरलाच ठेवा म्हणावं."

"तुम्हीच सांगा की. मला भ्या वाटत न्हाई म्हणून सांगा, मिटलं."

अक्कांनी ठेचलेलं आलं चहात टाकलं.

"आन् मग त्यांनी एकट्यानंच भ्यायचं का रे?"

मी बाहेर आलो. अण्णा डब्यासमोर बसून होते. त्यांनी मान वर केली. "कशी हाय ती?"

"लई भ्यायल्यात अजून," मी म्हणलं. "पण थोरलाच ठेवा म्हणत्यात. तुम्ही रोज जवळ बसून समजावलं तर सवय व्हईल म्हणत्यात."

अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले. "म्हणलं व्हतं ना तुला, तिला एकटं सोडून चालत न्हाई," असं म्हणत ते स्वयंपाकघरात गेले.