अठरा कोट आणि छोटी गाडी

मास्तरांच्या गळ्यात टेप असायचा, पण तो निव्वळ दागिना म्हणून! गिऱ्हाईक दुकानाच्या पायऱ्या चढून वर येईपर्यंत मास्तरांनी त्याची छाती, कंबर आणि बाही नुसत्या डोळ्यांनी मोजलेली असे. "टेप नवशिक्यांना लागतो," असं ते म्हणत. आणि शिवलेला कपडा खरोखरच इतका चपखल बसे की गिऱ्हाईक आरशासमोरून हलायचं नाव घेत नसे. इथवर सगळं ठीक होतं. पण माणसाला एक गोष्ट जमली की त्याला वाटायला लागतं, आपल्याला सगळंच जमतं.

म्हणून मास्तरांनी गाडीसुद्धा डोळ्यांनीच मापून घेतली!

त्यांची जुनी मोठी गाडी म्हणजे चाकं लावलेलं दुकानच होतं. मागे आडवी दांडी ठोकलेली, तिच्यावर तयार कपडे टांगायचे. मधल्या बाकावर मास्तरांच्या आई बसायच्या. त्यांचे गुडघे दुखत, म्हणून पाय लांब सोडून, पाठीला उशी लावून, जाता जाता राहिलेली बटणं लावायच्या. आईंना दिसायचं बेताचंच. पण "बटण लावायला डोळे कशाला? बोटं आहेत ना!" असं त्यांचं म्हणणं. मास्तर कोणावर गेले होते, हे वेगळं सांगायला नको.

दोष एकच. गाडी पेट्रोल फार प्यायची. पंपावरची माणसं मास्तरांना लांबून ओळखून इतकं प्रेमाने हसायची की मास्तरांचा जीव कासावीस व्हायचा. शेवटी एक दिवस जेवता जेवता त्यांनी जाहीर केलं, "मोठी गाडी विकायची आणि छोटी घ्यायची. निम्म्या पेट्रोलात पळेल!"

"आणि आपण बसायचं कुठं?" बायकोने विचारलं.

"गाडीत!"

"पाच जण?"

"अगं, सव्वा मीटर कापडात पूर्ण बाह्यांचा सदरा काढणारा माणूस आहे मी. पाच माणसं म्हणजे काय मोठंसं!"

पाच म्हणजे मास्तर, बायको, आई, कॉलेजात जाणारी मुलगी आणि मेहुणा. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दुकानातली इस्त्री त्याच्याकडे होती आणि घरातलं उरलंसुरलं संपवायचं कामही.

जुन्या गाड्यांच्या दलालाकडे मास्तर एका पिवळ्या, चिमुकल्या गाडीसमोर एक डोळा मिटून उभे राहिले. "मागे तिघं, पुढे दोघं. ऐसपैस!" त्यांनी निकाल दिला.

"साहेब, एकदा घरच्यांना आणून बसवून बघा की," दलाल म्हणाला. गाडी खपवणाऱ्या माणसाच्या तोंडून असा सल्ला सहसा निघत नाही, पण मास्तरांनी तोही धुडकावला. घरच्यांची मापं त्यांना तोंडपाठ होती. मेहुण्याचं तर विशेषच! फक्त ते माप त्याच्या लग्नातल्या सुटाचं होतं, आणि लग्नानंतर मेहुणा चहूबाजूंनी सुखी झाला होता.

गाडी घरी आली. मेहुणा मागे बसला तेव्हा ती त्याच्या बाजूला कलली. बायको दुसऱ्या बाजूने बसली तेव्हा सरळ झाली. मध्ये आई बसल्या, गुडघे हनुवटीपाशी घेऊन.

"कसं वाटतंय?" मास्तरांनी छाती फुगवून विचारलं.

"बसले की मी," आई म्हणाल्या. "छान आहे."

"गिऱ्हाइकाच्या पँटला शिवणीत इंचभर माया सोडता," बायको आतून ओरडली, "आणि घरच्यांना तेवढीही नाही?"

मास्तरांनी दार लावलं. ते तिसऱ्या खेपेला लागलं.

पंधरा दिवस गाडी निम्म्या पेट्रोलात पळत होती आणि मास्तर खुशीत होते. मग संगीतशाळेचं काम आलं. शाळेच्या वाद्यवृंदाला जाहीर कार्यक्रमासाठी अठरा कोट हवे होते, गडद लाल, सोनेरी बटणांचे. हे काम जमलं तर सगळ्या शाळेचे कपडे कायमचे मास्तरांकडे येणार होते. बिघडलं तर इतक्या वर्षांची पत धुळीला मिळणार होती. मास्तर एकदा सरावाला जाऊन मागच्या खुर्चीवर बसले, लांबूनच अठरा जणांकडे पाहिलं आणि उठून आले. शाळा चालवणाऱ्या बाई मागून धावत आल्या. "अहो, मापं?"

"घेतली!" मास्तर म्हणाले.

कोट झकास झाले. पण कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी दुकानातून निघायच्या वेळी एक साधीशी गोष्ट मास्तरांच्या ध्यानात आली. छोट्या गाडीत कोट टांगायला जागाच नव्हती! घड्या घालून कोंबावेत, तर इस्त्रीची वाट लागणार. त्यात बटणवाल्याने बटणं उशिरा पाठवलेली. तीन-चार कोटांच्या बाह्या अजून बोडक्याच होत्या, म्हणजे आई हव्याच. कोणाला कुठे सैल-घट्ट झालं तर बायको हवी, इस्त्रीला मेहुणा हवा, आणि बाईंशी नीट बोलायला मुलगी हवी, कारण ऐन वेळी मास्तरांचं बोलणं भांडणासारखं ऐकू येई.

"बाबा, टेम्पो बोलवा," मुलगी म्हणाली.

"टेम्पो? स्वतःची गाडी दारात असताना? लोक म्हणतील, मग घेतली कशाला!"

"तेच तर आम्ही विचारतोय," बायको म्हणाली.

मास्तर येरझारा घालू लागले. एकाएकी थांबले. त्यांचे डोळे चमकले, आणि घरचे एक पाऊल मागे सरले.

"हँगर म्हणजे काय? नुसते खांदे! आणि खांदे आपल्याकडे आहेत की! पाच जोड्या!"

थोड्याच वेळात आख्खं कुटुंब कोटांवर कोट चढवत होतं. चौघांच्या अंगावर चार-चार, आणि गाडी चालवायची म्हणून मास्तरांच्या अंगावर दोनच. आत लहान, वर मोठा. मेहुण्याला ड्रमवाल्यांचेच कोट होत होते, तेही बटणं न लावता. चौथा कोट चढल्यावर त्याचे हात खाली येईनात. आई चार कोटांत गोल गरगरीत झाल्या. बोडक्या बाह्यांचे कोट सगळ्यांच्या वरून घातले होते, म्हणजे आईंना वाटेत बटणं लावता येतील.

"कात्रीचा डबा?" बायकोने विचारलं.

"जागा कुठाय? सुई-दोरा घ्या, बास! कापायचं काम संपलंय!"

हे वाक्य पुढे मास्तरांना घरात अनेकदा ऐकवलं गेलं.

एकेकाला दाबून, ढकलून, कुल्ल्याने सरकवून गाडीत भरलं. गाडी कण्हली आणि निघाली. अठरा कोटांची ऊब आत कोंडली होती. काचांवर वाफ धरली. मास्तरांनी एसी लावला तेव्हा बरं वाटलं, पण समोर चढ आला, आणि गाडीने स्पष्टच सांगितलं की एसी किंवा चढ, दोन्हींपैकी एकच काय ते बोला. मास्तरांनी एसी बंद केला. तरी गाडी अर्ध्या चढावर धापा टाकत थांबली. मागची वाहनं भोंगे वाजवू लागली.

"तू जरा उतर आणि धक्का मार," मास्तर मेहुण्याला म्हणाले.

मेहुण्याने दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला, जोर केला. "भाऊजी, मी निघत नाहीये!"

"कोट घट्ट झाले असतील. राहू दे!"

"हलू नका रे सारखे," मधून आईंचा आवाज आला. "टाका चुकतो."

शेवटी मागच्या वाहनांतली माणसंच उतरली आणि शिव्या घालत गाडी चढावर ढकलून गेली. त्या दारातून लटकणाऱ्या पायाकडे मात्र त्यांनी फार निरखून पाहिलं.

सभागृहाशी पोचले तेव्हा पहिली घंटा व्हायला आली होती. बाई फाटकात उभ्या राहून हात चोळत होत्या. मास्तर उतरले, मुलगी उतरली. मागचं दार उघडून मास्तर म्हणाले, "चला, चला, लवकर!"

मेहुणा निघेना. मास्तरांनी त्याचा हात धरून ओढला. मेहुणा जरासा आला, आणि त्याच्याबरोबर आई आल्या.

"अगं आई, तू थांब. आधी त्याला येऊ दे."

"मी कुठं येतेय? तोच मला ओढतोय!"

मास्तरांनी पुन्हा हिसका दिला. मेहुणा बाहेर आला, मागोमाग आई आल्या, आणि आईंच्या मागोमाग पलीकडच्या टोकाची बायकोही घसरत बाहेर आली. तिघं एकाच वेळी, एका रांगेत! सगळे कोट एकाच लाल रंगाचे, आत दाटीवाटी, आणि आईंची बोटं आपली चाचपत चाचपत नेटाने शिवत गेलेली. मेहुण्याची बाही आईंच्या कोटाला शिवली होती, आईंची बाही बायकोच्या कोटाला, आणि आईंच्या पाठीमागून गाडीचं सीट-कव्हर लोंबत होतं. त्यावरही एक सोनेरी बटण होतं.

"एक बटण उरलं होतं," आई म्हणाल्या. "तिथं जागा रिकामी लागली, म्हणून लावलं."

आतले वादक धावत बाहेर आले आणि त्यांना वाटलं, मध्यंतरात काहीतरी विनोदी कार्यक्रम ठेवलेला दिसतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"कात्री!" बाई म्हणाल्या. "तुमची कात्री काढा ना!"

मास्तरांनी सवयीने खिसे चाचपले. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं.

शेवटी व्हायोलिनवाले उपयोगी पडले. त्यांना नखं बारीक ठेवावी लागतात, म्हणून प्रत्येकाच्या खिशात नेलकटर! सहा-सात जण तिघांना घेरून एकेक टाका कुरतडू लागले. पण आईंचा दोरा दुहेरी आणि गाठी तीन-तीन. "आज्जी, काय पक्कं शिवता हो!" एक जण घाम पुसत म्हणाला. आई खूश झाल्या. मास्तरांना मात्र धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. सगळं आयुष्य दुसऱ्यांना नीटनेटकं करण्यात गेलं, आणि आज स्वतःचंच कुटुंब असं रस्त्यावर उसवावं लागत होतं!

तिसऱ्या घंटेला शेवटचा कोट सुटला. आईंनी तिथंच पायरीवर बसून चुकलेली बटणं भराभर जागेवर लावली. या वेळी मुलीने कोट हातात धरून दिला. आणि पडदा वर गेला तेव्हा अठराच्या अठरा कोट असे बसले होते की सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. मेहुण्याच्या अंगावरचा सर्वांत आतला कोट ज्या ड्रमवाल्याच्या वाट्याला आला, तो तेवढा अधूनमधून नाक मुरडत होता.

कार्यक्रमानंतर बाई येऊन म्हणाल्या, "कोट अप्रतिम! शाळेचं काम तुमचंच. पण आता त्या डबीतून घरी नाही जायचं हं. आजींना आणि सगळ्यांना मी सोडते. माझी गाडी मोठी आहे."

गाडी पाहिली आणि मास्तर जागीच थबकले. मागच्या दारावरचा पोचा ओळखीचा होता. तो त्यांनी स्वतःच दुकानाच्या फाटकावर पाडला होता.

"गेल्याच महिन्यात दलालाकडून घेतली," बाई कौतुकाने म्हणाल्या. "मोठा ड्रमसुद्धा मावतो. आणि गंमत म्हणजे मागे आयती दांडी, कपडे टांगायला! कुठल्या शहाण्यानं विकली कोण जाणे!"

मुलीने तोंड उघडलं. बायकोने तिला चिमटा काढला.

मास्तरांनी एवढ्यावर गप्प बसावं ना! पण घाबरलेला माणूस नको तेवढं बोलतो. "असतात हो काही काही लोक! डोक्याचा भाग कमीच असतो. पेट्रोल वाचवायला निघतात आणि घरच्यांचे हाल करतात!"

"अगदी खरं!" बाई म्हणाल्या.

तोवर आई मधल्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी पाय लांब सोडले आणि "हुश्श!" केलं. असं हुश्श त्यांनी महिनाभरात केलं नव्हतं. मग सवयीने त्यांची बोटं बाकाच्या कडेवरून फिरली आणि एका जागी थबकली.

"अगं बाई! ही शिवण माझी आहे!"

"कुठली हो, आजी?" बाईंनी विचारलं.

"ही काय! इथं उसवलं होतं, ते मीच शिवलं. दुहेरी दोरा, तीन गाठी. अरे, ही तर आपलीच गाडी!"

बाईंनी सावकाश मास्तरांकडे मान वळवली. "म्हणजे ते... डोक्याचा भाग कमी असलेले..."

"मीच," मास्तर म्हणाले.

घरी जाताना मोठी गाडी पुढे होती आणि मागून मास्तर एकटेच छोटीतून. एका माणसाला ती अगदी बेतून शिवल्यासारखी होत होती. चढावर तर पाखरासारखी गेली! पण मास्तरांचं लक्ष पुढच्या काचेतून दिसणाऱ्या आईंच्या डोक्याकडे होतं. ते बाकावर टेकून, निवांत डुलत होतं. महिनाभर आई गुडघे पोटाशी घेऊन बसल्या आणि चकार शब्द बोलल्या नाहीत. छान आहे म्हणाल्या. सगळ्या गावाला डोळ्यांनी मापणाऱ्याला घरातलं एवढं दिसलं नव्हतं.

दारात आई त्यांची वाट बघत उभ्या होत्या. हात पुढे करून म्हणाल्या, "तो टेप इकडे दे."

"कशाला?"

"पुढची गाडी मी बघणार आहे."

मास्तरांनी मुकाट्याने गळ्यातला टेप काढून त्यांच्या हातात ठेवला. आईंनी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी चाचपला आणि सुनेला हाक मारली.

"अगं, बघितलंस का? हा तर अजून नवाकोरा आहे!"