बारामतीत चालणारा रेकॉर्डर

मंदाकिनीबाईंच्या परसबागेचा कार्यक्रम टीव्हीवर मंगळवारी दुपारी लागणार होता. तो नुसता बघून सोडून द्यायचा नाही, रेकॉर्ड करून ठेवायचा, असं श्रीपादरावांनी ठरवलं. एवढाच काय तो निर्णय. पण त्यापायी पुढचा आठवडाभर माळेगाव-बारामती रस्त्यावर त्यांच्या अशा काही फेऱ्या झाल्या, की वाटेवरचा रसवंतीवाला त्यांना बघून आपोआप ग्लास धुवायला घेऊ लागला.

बाग सगळी त्यांच्या बायकोची, मंदाकिनीबाईंची. जुनी पिंपं अर्धी कापून त्यांत त्यांनी वांगी, मिरच्या, घेवडा असं बरंच काही पिकवलं होतं. टीव्हीवाले पुण्याहून आले तेही त्यांनाच भेटायला. पण श्रीपादराव (साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त, आवाज मात्र अजून नोकरीत) इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून तयार होते. कॅमेरा सुरू झाला तसे ते खतावर बोलले, पाण्यावर बोलले, हवामानावर बोलले आणि सहकाराच्या भवितव्यावर आले तेव्हा कॅमेरावाल्याने एक पिंप उपडं करून त्यावर बैठक मारली. रेकॉर्डिंग कशासाठी, असं कुणी विचारलं की श्रीपादराव ‘हिच्या कौतुकासाठी’ म्हणत. खरं तर आपलं ते भाषण नातवंडांनी मोठेपणी बघावं, ही त्यांची तळमळ होती आणि ती घरात कुणापासून लपलेली नव्हती.

‘‘बाबा, ते नंतर नेटवर येईलच की,’’ पुण्याहून लेक वैदेही फोनवर म्हणाली. ‘‘त्यासाठी मशीन कशाला घेताय?’’

‘‘नेटवरचं कपाटात ठेवता येतं का?’’

‘‘पण कपाटात कशाला ठेवायचंय?’’

या प्रश्नाचा श्रीपादरावांना इतका संताप आला की त्यांनी फोनच बायकोच्या हातात दिला. आपण लेकीला इंजिनिअर केलं ते याचसाठी का, असं ते बराच वेळ भिंतीला विचारत होते.

पहिली खेप इंदापूरची. तिथे त्यांचा मेहुणा विजयसिंह राहतो आणि इंदापुरात अशी एकही वस्तू नाही जी विजयसिंहच्या ओळखीने मिळत नाही. त्याने ओळखीच्या दुकानात नेलं, ओळखीचा चहा पाजला आणि एक साधा डीव्हीडी रेकॉर्डर पुढ्यात ठेवला.

‘‘ह्याच्यात डिजिटल ट्यूनर कुठं हाय?’’ श्रीपादरावांनी विचारलं. (हा शब्द त्यांनी आदल्या दिवशीच एका जाहिरातीत वाचला होता.)

‘‘ट्यूनर कशाला पायजे, दाजी? घरातल्या बॉक्सची वायर ह्याला जोडायची. बॉक्सवर जे लागंल ते ह्याच्यात उतरंल.’’

‘‘तीच तर भानगड हाय. तुझी ताई मधीच बॉक्सवर सिरियल लावणार आन माझ्या भाषणाच्या जागी सासूसुनांचं भांडण उतरणार. मला ट्यूनर आतच पायजे.’’

‘‘दाजी, ओळखीचं दुकान हाय. स्वस्तात देतोय.’’

‘‘मग तू घे,’’ असं म्हणून श्रीपादराव उठले ते थेट बसस्टँडवर गेले. मेहुण्याने आपल्याला गिऱ्हाईक समजावं, हे त्यांना बसमध्ये भिगवण येईपर्यंत सहन झालं नव्हतं.

मनासारखं यंत्र शेवटी बारामतीत सिकंदरभाईंच्या दुकानात मिळालं. गोडाऊनमध्ये एकच नग उरला होता. ‘‘हे घ्या तात्या. गच्चीवरच्या छत्रीची वायर थेट ह्याच्या पाठीत खुपसायची. ट्यूनर आतच हाय,’’ सिकंदरभाई म्हणाले. त्यांनी रिमोटने सगळं चालवून दाखवलं. श्रीपादरावांनी ते खोकं रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणलं आणि रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याआधी सूचना दिली.

आता, कारखान्यात ज्याचा जन्म गेला त्याच्या घरात कुठलंही यंत्र पूजेशिवाय सुरू होत नाही. तिकडे हंगामाची पहिली उसाची मोळी टाकायच्या आधी सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लागतं, मग इथे तर खुद्द श्रीपादराव दिसणार होते. त्यांनी वाटीत कुंकू कालवलं. रेकॉर्डरच्या तोंडावर डावीकडे बटणं होती, उजवीकडे घड्याळ होतं आणि मधोमध काळ्या काचेची छान गुळगुळीत पट्टी होती. तिच्यावर त्यांनी बोटाने ठसठशीत स्वस्तिक काढलं, उंबऱ्यावर नारळ फोडला, उदबत्ती ओवाळली आणि रिमोट दाबला.

काहीच झालं नाही.

मग त्यांनी जोरात दाबला, जवळून दाबला, रिमोट तळहातावर आपटून दाबला. भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून त्यात घातले. यंत्रावर दिवा लागलेला होता, पण रिमोटला ते दाद देत नव्हतं आणि चॅनल लावायची बटणं तर फक्त रिमोटवर होती.

‘‘फसवलं,’’ श्रीपादराव म्हणाले. ‘‘भर बारामतीत मला फसवलं.’’

दुसऱ्या दिवशी ते यंत्र परत न्यायला निघाले, तेव्हा मंदाकिनीबाईंनी ओल्या फडक्याने ते लख्ख पुसून दिलं. ‘‘दुकानात असं माखलेलं न्यायचं व्हय? लोक काय म्हणतील,’’ एवढंच त्या म्हणाल्या. दुकानात सिकंदरभाईंनी वायर जोडली, रिमोट दाबला आणि यंत्र चालू झालं. त्यांनी दुकानाच्या दारातून दाबला, पायरीवरून दाबला, तरी ते चालूच.

‘‘चांगलं चाललंय की, तात्या.’’

‘‘हितं चालतंय. घरी न्हाय चालत.’’

‘‘असं कसं होईल?’’

‘‘मी खोटं बोलतोय का?’’ श्रीपादरावांचा आवाज एवढा चढला की पंखा घ्यायला आलेली एक बाई पंखा न घेताच निघून गेली.

घरी आल्यावर त्यांनी पुन्हा कुंकू कालवलं. एक तर यंत्र बाहेर जाऊन आलेलं आणि दुसरं म्हणजे मागचं स्वस्तिक बहुधा कमी पडलं असणार, म्हणून या वेळी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून काढली. रिमोट दाबला. यंत्र ढिम्म. पुन्हा बारामती (अर्थात पुन्हा फडक्याने पुसून), तिथे पुन्हा चालू. घरी पुन्हा पूजा, पुन्हा बंद. यानंतर श्रीपादरावांनी माळेगावच्या विजेवर संशय घेतला, शेजारच्या गिरणीवर घेतला आणि शेवटी असं मत बनवलं, की हे यंत्र मुद्दाम बारामतीच्या हद्दीपुरतंच बनवलेलं आहे. आता ग्राहक मंचात जाणार, असं त्यांनी रसवंतीवाल्याला सांगून ठेवलं.

मंगळवार उजाडला. कार्यक्रम दुपारी होता आणि यंत्र मुकंच होतं. श्रीपादरावांनी फोन लावला. ‘‘सिकंदरभाई, तुमी हितं या. माझ्या घरात, माझ्या डोळ्यासमोर चालवून दाखवा, न्हायतर तुमचा डबा उचलून न्या. एका माणसाचं आयुष्यभराचं बोलणं वाया चाललंय, त्याचं तुमाला काय वाटतं का न्हाय?’’

सिकंदरभाई बायकोला, करिमाला, गल्ल्यावर बसवून तडक आले. घरात पाऊल टाकलं, रेकॉर्डरकडे बघितलं आणि त्यांना क्षणात सगळं समजलं. पण बोलावं कसं? गिऱ्हाइकाने एवढ्या भक्तीने काढलेलं स्वस्तिक, ते आपण कसं पुसायला सांगणार? त्यांनी चहा घेतला. बागेचं कौतुक केलं. मग घसा साफ करून म्हणाले, ‘‘तात्या, ह्या मशीनला एक डोळा असतो. रिमोटचा इशारा त्या डोळ्याला दिसतो.’’

‘‘मग तो डोळा आंधळा दिलात तुमी मला.’’

‘‘तसं न्हाय. डोळा चांगला हाय. फकस्त... तो त्या काळ्या काचेच्या आत असतो.’’

‘‘असू दे की. मी कुठं त्याला हात लावलाय?’’

सिकंदरभाईंनी मदतीसाठी मंदाकिनीबाईंकडे पाहिलं. त्या रेकॉर्डरकडे बघत होत्या. ‘‘म्हणजे मी पुसते तवा चालतं,’’ त्या सावकाश म्हणाल्या, ‘‘आन ह्यांनी स्वस्तिक काढलं की बंद पडतं.’’

‘‘वैनी, मी असं कायबी बोललो न्हाय,’’ सिकंदरभाई घाईघाईने म्हणाले. ‘‘वर झाकण मोकळं हाय. तितं काढलं तर स्वस्तिक अजून मोठं येईल, एवढंच.’’

मंदाकिनीबाईंनी फडकं फिरवलं आणि रिमोट दाबला. पडद्यावर चॅनलची रांग लागली. श्रीपादरावांना या गोष्टीचा आनंद व्हायला हवा होता, पण झाला तो संताप. डोळा असा नको तिथे ठेवणाऱ्या कंपनीला अक्कल नाही, कारखान्यातल्या एकाही यंत्राने आजवर कुंकवाला नाही म्हटलं नव्हतं, असं ते कार्यक्रम सुरू होईपर्यंत बोलत राहिले. मग मात्र डिस्क घातली, लाल दिवा लागला आणि ते शर्टाची कॉलर नीट करून टीव्हीसमोर बसले.

कार्यक्रम सुरेख झाला. मंदाकिनीबाई पडद्यावर अगदी सहज बोलत होत्या. वांगी आली, मिरच्या आल्या, घेवड्याचा वेल जवळून दाखवला. श्रीपादरावांच्या भाषणाच्या जागी नुसत्या बागेवर बासरी वाजली. ते स्वतः एकदाच आले. पडद्याच्या कडेने पाण्याचा पाइप धरलेला एक हात आत आला, त्याने पिंपात पाणी घातलं आणि तो परत गेला.

‘‘हे काय?’’ श्रीपादराव उभे राहिले. ‘‘माझं सहकाराचं कुठं गेलं?’’

त्यांनी डिस्क मागे नेली. रेकॉर्डिंग निर्दोष उतरलं होतं. हात पुन्हा आला, पुन्हा पाणी घालून गेला. अगदी मनगटावरचं घड्याळसुद्धा स्वच्छ दिसत होतं. अशा लोकांच्या हातात चॅनल देणाऱ्या सरकारला पत्र लिहिलं पाहिजे, असं ते सिकंदरभाईंना सांगत होते. सिकंदरभाई बशीतल्या बिस्किटाकडे बघत मान हलवत होते.

एवढ्यात फोन वाजला. नरसिंहपूरचे आप्पा, मंदाकिनीबाईंचे मामा. त्यांचा आवाज मुळात असा की फोन कानाला लावायची गरज पडत नाही.

‘‘मंदा, आताच बघितलं बघ. बाग झ्याक हाय. पर तो पाणी घालणारा गडी कुठनं मिळाला तुला? आमच्याकडं एक टिकंना. धाडून दे की चार दिस.’’

मंदाकिनीबाईंनी नवऱ्याकडे एकवार बघितलं.

‘‘धाडते की, आप्पा. कामाला बरा हाय,’’ त्या म्हणाल्या, ‘‘फकस्त बोलतो लई.’’