कान्हू बेलदाराने सांगितलेली शीर

श्रीभूमिमाता साक्ष. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरे, माघ मासी जे घडले ते ऐकिले तैसे लिहिले, पदरचे काही घातले नाही, आणि घातले असेल तर ते थोडे.

एक राज्य होते. राज्यात सर्व होते, हत्ती होते, हुजुरांच्या नावाची टांकसाळ होती, फक्त टांकसाळेत चांदी नव्हती, ती परमुलखातून येई, आणि याचा सल हुजुरांचे घराण्यात पिढ्यानपिढ्या होता. मग ऐसे जाहले की काळवंडीच्या डोंगरात काळ्या खडकाची भेग भरून गारगोटीची शीर गेलेली दिसली, दोन हात रुंद, आणि तीत ठायी ठायी चौकोनी, चकाकते, शिशागत जड दगड, आणि ऐशा शिशात चांदी वसते हे जाणत्यांस ठाऊक, म्हणोन थोरल्या हुजुरांनी खाण घातली. वीस हात खाली पाणी लागले, पखाली फाटल्या, काम राहिले. मग त्यांचे चिरंजीवांनी पाट खोदून पाणी काढिले आणि पुन्हा खणविले, तो शीर एकाएकी तुटली. पुढे नुसती चिकणमाती, चुरा, आणि गुळगुळीत भिंत. त्या समयी मुख्य बेलदार कान्हू. त्याने भिंतीवरचे ओरखडे बोटांनी चाचपिले आणि बोलिला, "डोंगर येथे मोडून सरकला आहे. शीर संपली नाही, पूर्वेस गेली आहे." मग पूर्वेस दहा हात खणिले, काही न मिळे, आणि वरून दरड येऊन दोन माणसे दगावली. दरबारी मंडळींस कोणीतरी दोषी लागतोच. कान्हूने थापा मारून माणसे मारविली ऐसे ठरले, भर कचेरीत त्याचे पागोटे उतरविले, आणि तो वर्षाचे आत खचून मेला. गावात त्याचे घरास थापाड्याचे घर म्हणो लागले, आणि ते नाव काही पुसेना.

कान्हूचा लेक हैबती. तो याच नावाखाली वाढला, आणि सध्याचे हुजुरांनी तिसऱ्यांदा खाण उघडिली तेव्हा आपण होऊन पुढे आला. खाणीचे कारभारी शामजीपंत, माणूस हुशार, परंतु घाईचा. त्यांस हैबती म्हणाला, "मुशाहिरा नको, पैका नको. शीर मिळाली तर बापाचे पागोटे कचेरीत परत द्यावे." पंत म्हणाले, "चांदी निघू दे, पागोटे काय, शेला देववितो." मग हैबतीने बापाचे जागी पहार धरिली, पूर्वेस खणीत गेला, आणि बाप थांबला तेथून अवघे चार हात पुढे गारगोटी पांढरी फक्क उभी राहिली. चार हात, फक्त चार हात, ऐसे हैबती पुष्कळ वेळ पुटपुटत होता.

आता त्या राज्यात रीत ऐसी, की खाणीतून निघालेल्या मालापैकी सर्वांत उत्तम ढेकूळ तबकात, रेशमी रुमालाखाली, हुजुरांस नजर करावे. दुय्यम वस्तू समोर नेणे ही बेअदबी. मागील दोन्ही वेळा तैसेच केले होते, आणि दोन्ही वेळा त्या त्या हुजुरांनी ढेकूळ तळहातावर तोलून अवघा डोंगर तैसाच समजून माणसे लाविली होती. पंतांनी यंदाही मूठभर ढेकूळ निवडिले, नुसते शिसे, आरशागत. परंतु हैबतीने शिरेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखी खाच मारिली, गारगोटी, माती, शिसे, जे पडले ते सर्व टोपलीत भरिले, कुटिले, कालविले, आणि मनात उमजला की गारगोटीच फार आहे. ढेकूळ गेले तर बापाचे पागोटे हाती येते, टोपली गेली तर जाते. त्याचे मन फार तुटले. पण पुन्हा तीनशे माणसे आत जातील, दरडीखाली कोणी मरेल, आणि मग शिव्या खाणार तो बापच, ऐसे मनी आणून तो टोपली घेऊनच कचेरीत गेला.

कचेरीत तबकाशेजारी टोपली पाहोन मानकरी हसले, पंतांचा चेहरा उतरला. हुजुरांनी कौतुक म्हणोन दोहोंचा सारख्या वजनाचा कस लावविला. सोनाराने हाडांच्या राखेच्या मुशीत माल वितळवून शिसे राखेत जिरविले, म्हणजे मागे चांदी तेवढी राहते, तो ढेकळातून तुरीच्या दाण्याएवढी चांदी आली, आणि टोपलीच्या मालातून खसखशीएवढी. हुजूर बोलिले, "यात खरे कोणते?" हैबती म्हणाला, "दोन्ही खरे, महाराज. पण ढेकूळ वेचलेले आहे, आणि खणायचा तर डोंगर आहे." तेव्हा आठ दिवसांत खाण बुजवावी ऐसी आज्ञा जाहली. हैबतीने हात जोडून पागोट्याची आठवण दिली. पंत तत्काळ म्हणाले, "करार चांदीवर होता." हुजूर म्हणाले, "करार तो करार," आणि भोजनास उठोन गेले.

मग हैबती घरी आला. आई सगुणी, वय सत्तरीपार, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बायकांनी खाणीत उतरू नये ऐसा दंडक, परंतु बुजायच्या खाणीस कसला दंडक, ऐसे म्हणोन हैबतीने तिला पाठुंगळी घेतले, शिडीने उतरला, बापाचे दहा हात आणि आपले चार हात चालून गेला, आणि तिचा हात भिंतीस लाविला. म्हातारीने या कडेपासून त्या कडेपर्यंत चाचपिले, मग पुन्हा चाचपिले.

"ही का रे ती?"

"हीच, आये. बा म्हणायचा तिथंच."

सगुणीने हात काढिला नाही. म्हणाली, "मरेपर्यंत सांगत होता, हाय म्हणून. मी म्हणायची, असू दे, आता कुणाजवळ बोलू नका." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "मलाबी खरं वाटत नव्हतं रे, लेकरा." मग ती त्या गारगोटीस कपाळ टेकून रडली.

फाल्गुन शुद्धात खाण बुजविली. दफ्तरी "काळवंडी, शीर निष्फळ" इतकेच आहे, कान्हूचे नाव नाही. राज्यात चांदी अद्याप परमुलखातूनच येते. कान्हू बेलदार खरे बोलिला होता, म्हणोन हे लिहून ठेविले.