रेणूची उंची दहिफळे साहेबांना

वाढीच्या इंजेक्शनची उंची आमच्याकडे सही करणाऱ्याला मिळते. सुई रोज माझ्या रेणूच्या मांडीत टोचली जाते आणि वाढतात दहिफळे साहेब. सरकारी दवाखान्याच्या औषध भांडारात तिच्या औषधावर ते सही करतात.

रेणू अकरा वर्षांची आहे आणि प्रार्थनेला तिला पहिलीच्या रांगेत उभं करतात. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, हाडांची टोकं एकदा जुळली की मग कितीही टोचा, उपयोग नाही. म्हणून मी भांडारात गेले. साहेब दारातून वाकून बाहेर आले. वर्षापूर्वी ते माझ्या खांद्याला लागत होते.

"ही उंची माझ्या मुलीची आहे," मी म्हणाले.

"असेल ना, बाई. मी कुठं नाही म्हणतो? मला काय हौस आहे? सगळ्या पँटी आखूड झाल्या. पण सही सज्ञान माणसाचीच लागते."

"म्हणजे अठरा पूर्ण झाल्यावर?"

"मग खुशाल तिला सही करू द्या."

"तोवर हाडं जुळतील तिची."

"ते आमच्या खात्यात येत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीच्या मांड्या निळ्या पडल्यात आणि हा माणूस मला पँटींचं रडगाणं ऐकवतो. आईची सही चालते का, मी विचारलं. चालते म्हणाले, पण मग उंची आईला येईल. आजवर कुणी विचारलंच नव्हतं म्हणे. मी त्यांच्या हातातलं पेन ओढून घेतलं. निदान घरात तरी राहील.

तेव्हापासून मी वाढते आहे. नियम बदला म्हणून मी मोठ्या साहेबांकडे अर्ज केले. ते दुसऱ्या मजल्यावर बसतात आणि खाली येत नाहीत. शिपाई मला जिन्यावरूनच परत पाठवतो.

काल मी सुई भरली तेव्हा रेणू पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"आई, तुला अजून किती उंच व्हायचंय?"

"दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत," मी म्हणाले. "बाहेरून."

तिनं थोडा विचार केला आणि मांडी पुढं केली.