दौलतकाकांचा फिल्टर

दौलतकाका कोणाच्याही घरी गेले की आधी चपला काढत नाहीत. आधी दारातल्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये बोट घालतात. सायलेन्सर गरम असला तर तो थंड होईपर्यंत गप्पा मारत उभे राहतात. मग ते बोट उन्हात धरून पाहतात, अंगठ्यावर घासतात आणि मालकाला त्याच्या गाडीची तब्येत सांगतात. गेल्या वर्षी पांढुर्ण्याच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या फुलांनी सजवलेल्या गाडीची अशीच तपासणी केली. गाडी तेल जाळते असा निकाल दिला आणि त्याच हाताने नवरदेवाची पाठ थोपटली. लग्नाच्या फोटोंत त्याच्या पांढऱ्या शेरवानीवर एक काळं बोट स्पष्ट दिसतं.

काका महाराष्ट्राच्या हद्दीपलीकडे सौंसरला माझ्या शेजारी राहतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो, एवढ्या एका गुन्ह्यापायी त्यांनी मला आपला सल्लागार नेमून टाकलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जुनी डिझेल जीप विकली आणि तेव्हापासून ते छोटी एसयूव्ही घेणार होते. पेट्रोल घ्यावी की डिझेल, एवढाच काय तो प्रश्न होता. कोणी विचारलं, गाडी घेता का काकाजी, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे.

"घेऊन कुठं राहिलो? समजून राहिलो."

समजून घेण्यासाठी ते काय काय करत, ते विचारू नका. पेट्रोल पंपावर जाऊन ते येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मुलाखती घेत. छिंदवाड्याच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची सीट धरत आणि त्या बिचाऱ्याला घाटातसुद्धा सोडत नसत. दिल्लीकडे दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्या चालू देत नाहीत, हे पेपरात वाचल्यापासून तर त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. तुम्ही दिल्लीला कधी गेलात, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मी नाही गेलो गुरुजी, पण नियम इकडे येऊ शकते ना."

माझं मत पहिल्या दिवसापासून पेट्रोलच्या बाजूने होतं. काकांचा सगळा प्रवास म्हणजे घर ते बोरगावजवळचा संत्र्याचा बगीचा आणि परत घर. पूर्वी ते माल घेऊन नागपूरच्या मंडीत जात. आता झाडावरचा बहारच व्यापाऱ्याला देऊन टाकतात, त्यामुळे तेही सुटलं होतं. नागपूरला त्यांची एकुलती एक लेक राहते, तिला ते बेबी म्हणतात. काकू होत्या तोवर मंडीच्या निमित्ताने तिच्याकडे फेरी व्हायची. काकू आत जाऊन बसत, काका मात्र संत्र्यांची थैली देऊन फाटकाशीच उभे राहत. त्यांच्या वडिलांनी लेकीच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं, म्हणून यांनीही घेतलं नाही. काम असेल तर बापाने लेकीच्या दारात जावं, नसेल तर जाऊ नये, असा त्यांचा कायदा. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. आता बेबीचा फोन येतो, काका सगळं बराबर आहे म्हणतात आणि ठेवून देतात. नंतर बराच वेळ ओसरीवर नुसते बसून असतात, ते मला माझ्या खिडकीतून दिसतं.

शेवटी एकदाचे ते शोरूमला जायला तयार झाले आणि अर्थात मलाही घेऊन गेले. तिथल्या मॅडम नमस्कार करायला पुढे आल्या, तोवर काका डिझेल गाडीच्या मागे उकिडवे बसले होते. बोट घातलं, बाहेर काढलं आणि पाहतच राहिले. बोट स्वच्छ होतं. गाडी चालवून पाहायला ठेवलेली होती, हजारो किलोमीटर पळालेली होती, तरी बोट स्वच्छ. फसवणूक झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मग धूर जातो कुठे, असं त्यांनी मॅडमना दरडावून विचारलं.

मॅडमनी शांतपणे समजावलं. नव्या नियमांमुळे डिझेलची काजळी बाहेर सोडता येत नाही, ती आत एका फिल्टरमध्ये अडकते. गाडी हायवेवर अर्धा तास सलग पळाली की फिल्टर तापतो आणि काजळी जळून जाते. नुसती गावातल्या गावात फिरवली तर फिल्टर तुंबतो, समोर लाइट लागतो आणि गाडी वर्कशॉपला न्यावी लागते. तुमचं चालवणं एवढंसं आहे काका, तुम्ही पेट्रोलच घ्या, असं त्या म्हणाल्या. मी मनातल्या मनात हुश्श केलं. दोन वर्षांचा जाच संपला होता.

काकांनी मात्र हळूच विचारलं, "म्हणजे हप्त्यातून एकदा दूर न्याच लागन?"

मॅडम म्हणाल्या, तसंच धरून चला.

"हे सरकारच्या नियमापायी हाय ना?"

एका अर्थी हो, असं मॅडमनी कबूल केलं.

"मंग लिहून द्या."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. त्यांनी माहितीपत्रकाच्या मागे दोन ओळी लिहून दिल्या. काकांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि तिथल्या तिथे डिझेल गाडी बुक केली. मला इतका संताप आला की परतीच्या रस्त्यात मी एक शब्द बोललो नाही. पुढचे चार दिवसही बोललो नाही.

गाडी आली, पूजा झाली. पहिल्याच रविवारी सकाळी काका माझ्या दारात उभे राहिले आणि फिल्टर जाळून येऊ म्हणाले. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, मागच्या सीटवर संत्र्यांची थैली. बोरगाव मागे पडलं, महाराष्ट्राची हद्द लागली, सावनेर आलं. अर्धा तास कधीच होऊन गेला होता. फिल्टर जळला असेल, आता फिरा मागे, असं मी सांगितलं. अर्धाच जळला असन, असं म्हणून त्यांनी गाडी पुढे दामटली. ती थेट बेबीच्या फाटकासमोर थांबली.

बेबी धावत बाहेर आली. काम नसताना बाप दारात आला म्हणजे काहीतरी वाईट झालं, असंच तिला वाटलं असणार. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा, काऊन आले? बरं आहे ना सगळं?"

काकांनी खिशातून कागद काढून तिच्या हातात दिला. "काही नाही झालं बेबी. नियम हाय. हप्त्यातून एकदा गाडी इतकी दूर आणाच लागते."

तिने दोन ओळी वाचल्या. मग पुन्हा वाचल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. फाटक उघडत तिने विचारलं, "मग हे इंजिन थंड व्हायले किती वेळ लागते?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "गुरुजीले विचार. त्याईले सायन्स समजते."

मी बावीस वर्षं विज्ञान शिकवतो आहे. शोरूमपासूनचा माझा राग कुठल्या कुठे गेला होता. मी म्हणालो, "जेवण होईपर्यंत तरी लागतो. आणि आधी पाणी प्यावं लागतं."

अंगणात जावयाची मोटारसायकल उभी होती. काकांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पायरीपाशी आले आणि त्यांनी चपला काढल्या.