सत्कारमूर्ती गैरहजर

माणसाचा मेंदू ऑक्सिजनशिवाय काही मिनिटं तग धरतो. सत्काराशिवाय मात्र त्याला आठवडाही काढता येत नाही, हे मेंदूविज्ञानाचे प्राध्यापक डॉ. अभिमन्यू खाकाळ यांनी स्वतःवर प्रयोग करून सिद्ध केलं आहे.

परळीच्या दीपमालाला याच सरांच्या हाताखाली पीएच.डी. करायची होती. जागा एकच होती आणि तिचा सगळा जीव त्या जागेत अडकला होता. सरांची कारकीर्द तिला तोंडपाठ होती. मूळचे आष्टीचे सर उंदरांच्या स्मरणशक्तीवर एक शोधनिबंध लिहून परदेशातून परतले आणि सत्कार सुरू झाले. घरात मावेनाशा झाल्या तेव्हा शाली प्रयोगशाळेत गेल्या. तिथं उंदरांनी त्या कुरतडल्या आणि सरांचा दुसरा शोधनिबंध तयार झाला. (उंदरांना लोकरीपेक्षा सुती शाल रुचते. शासनाने दखल घ्यावी.) त्यावर बढती मिळाली, बढतीचा सत्कार झाला आणि उंदरांचीही सोय झाली.

दीपमालाने अर्ज केला त्याच संध्याकाळी जालिंदरमामांनी चौकात फ्लेक्स लावला: ‘भावी डॉक्टर’. त्यावर शुभेच्छुकांचे एकतीस फोटो होते. दीपमालाचाही होता. (शोधला की सापडायचा.)

"मामा, मंगळवारी बीडला मुलाखत हाय माझी."

"मग मंगळवारीच सत्कार घेऊ. मुलाखतीनंतर काय व्हईल, कुणी सांगावं? पाहुणे म्हणून तुझ्याच सरांना बोलवलंय. लई मोठा माणूस!"

मेंदू एका वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष देऊ शकतो, हा सरांचा जुना सिद्धांत. त्यानुसार त्यांनी सत्कार निवडला आणि मुलाखत समितीला जीपमध्ये घालून परळी गाठली. दीपमाला एसटीने बीडला निघाली होती. वाटेत सिरसाळ्यात दोन्ही गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या.

विभागाला कुलूप होतं. शिपाई सटवा म्हणाला, "सर परळीला गेलेत. कुण्या दीपमालाचा सत्कार हाय म्हणं."

इकडे परळीत हार आला होता, आणि आलेला हार परत पाठवायची आपल्याकडे पद्धत नाही. मामांनी घरून दीपमालाचा फोटो मागवला, टेबलावर ठेवला आणि त्याला हार घातला. मागून येणाऱ्यांनी तो पाहून चपला काढल्या. उशिरा पोचलेल्या निवेदक बंकटने जड आवाजात सर्वांना दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. मामांना काहीतरी बोलायचं होतं, पण शांतता मोडणं बरं दिसलं नसतं.

"अशी विद्यार्थिनी पुन्हा होणे नाही," सर डोळे पुसत म्हणाले. (ते तिला एकदाही भेटले नव्हते.) समितीने मंचावरच ठराव करून दीपमालाला मरणोत्तर प्रवेश दिला.

दुसऱ्या दिवशी दीपमाला विभागात हजर झाली. "सर, मी जिवंत आहे."

सरांनी तिला नीट तपासून पाहिलं. "ते मान्य आहे. पण ही जागा मरणोत्तर आहे. जिवंत उमेदवारांच्या मुलाखती कागदोपत्री काल झाल्या. तुम्ही गैरहजर होता."

दीपमालाला तिथंच रडू कोसळलं. बाहेर येऊन तिने मोबाइल उघडला. हार घातलेला तिचा फोटो जिल्हाभर फिरला होता आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्यात तुमचेही हात होते. चहाचा घोट घेता घेता, फोटो कुणाचा हे न बघता, तुम्ही ते पाठवून दिलेत. तिने तुम्हाला लगेच कळवलंही, ‘मी जिवंत आहे, काहीतरी करा.’

त्याखालीही तुम्ही हात जोडलेत.